मनगटावरची साखर आणि तळटीपेतला खुलासा

सणासुदीचे दिवस जवळ आले की नव्या स्मार्टवॉचच्या आणि स्मार्ट अंगठ्यांच्या बातम्यांना पूर येतो. पडदा किती इंची, बॅटरी किती दिवस चालते, पट्टा चामड्याचा की सिलिकॉनचा, पाण्यात चालते की नाही, हे सगळं बातमीत असतं. आणि त्याच यादीत, जणू आणखी एक रंग उपलब्ध असावा इतक्या सहजपणे, एक ओळ असते: "रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि रक्तशर्करा मोजण्याची सुविधा." किंमत दीड-दोन हजार रुपये. सुई नाही, पट्टी नाही, रक्ताचा थेंब नाही.

या एका ओळीबद्दल मला आज जरा कडक बोलायचं आहे. बॅटरी जाहिरातीपेक्षा लवकर संपली तर ग्राहकाचं फार तर पैशांचं नुकसान होतं. साखरेचा आकडा खोटा निघाला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. या दोन गोष्टी एकाच यादीत, एकाच सुरात छापल्या जातात, हीच माझी तक्रार आहे. ती बनवणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि तेवढीच बातम्या देणाऱ्या व "रिव्ह्यू" करणाऱ्यांविरुद्धही आहे.

घड्याळ नेमकं काय बघतं?

घड्याळ उलटं करून पाहा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. हा प्रकाश कातडीत शिरतो, थोडा रक्तात शोषला जातो, उरलेला परत येतो आणि शेजारचा सेन्सर तो टिपतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, मग कमी होतं. त्यानुसार परत येणारा प्रकाशही कमी-जास्त होतो. हे चढ-उतार मोजले की नाडीचे ठोके मिळतात. माणूस शांत बसलेला असेल आणि घड्याळ नीट बसलेलं असेल, तर चांगली घड्याळं हे काम बऱ्यापैकी अचूक करतात. यात जादू नाही आणि फसवणूकही नाही.

ऑक्सिजनचं गणित थोडं पुढचं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. कोविडच्या काळात घराघरांत पोचलेला ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. पण तिथे बोट चिमट्यात असतं, प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावर तो फक्त परावर्तित होतो, मध्ये हाडं असतात, पट्टा सैल असतो, हात हलत असतो. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या नोंदींवर डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत कमी झालेला ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या नजरेतून जवळपास तिप्पट वेळा निसटला. ही गत रुग्णालयातल्या, बोटाला लावलेल्या यंत्रांची. आपल्या सावळ्या मनगटांवर स्वस्त घड्याळ किती खरं बोलत असेल, हा प्रश्न कुठल्याही रिव्ह्यूमध्ये मला विचारलेला दिसत नाही.

आता साखर. हिमोग्लोबिनला स्वतःचा रंग आहे, म्हणून प्रकाशाला ते ओळखता येतं. ग्लुकोज रंगहीन आहे. रक्तातली साखर १०० असते म्हणजे डेसिलीटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाने साधारण ०.१ टक्का. बाकी बहुतेक पाणी. ज्या अवरक्त प्रकाशात ग्लुकोजची पुसटशी खूण मिळते, तिथेच पाणी, चरबी आणि प्रथिनं कितीतरी जोरात प्रकाश शोषतात. त्यातच घाम, तापमान, पट्ट्याचा दाब. भर बाजारपेठेत पलीकडच्या फुटपाथवरची कुजबूज ऐकण्यासारखं हे काम आहे. कधीच जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण आजवर प्रयत्न करणारे लोक काही लहानसहान नव्हते.

ग्लुकोवॉच नावाच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००१ मध्ये मान्यता दिली होती. ते सौम्य विद्युतप्रवाहाने कातडीतून द्रव ओढून साखर मोजायचं. त्याने कातडीची आग व्हायची आणि मापन जुळवून घ्यायला बोट टोचावंच लागायचं. ते बाजारात टिकलं नाही. गूगलने २०१४ मध्ये अश्रूंतली साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सची घोषणा केली. २०१८ मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला, कारण अश्रूंतल्या साखरेवरून रक्तातल्या साखरेचा भरवसा देता येईना. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला जे साधलं नाही, ते दीड हजाराच्या घड्याळाला साधलं असेल, तर ती बातमी "ऑफर्स" सदरात येणार नाही. ती पहिल्या पानावर येईल.

२१ फेब्रुवारी २०२४ रोजी एफडीएने स्पष्ट इशारा दिला: कातडीला न टोचता स्वतःहून रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, मग ती कुठल्याही कंपनीची असो. अशी उपकरणं विकत घेऊ नका, वापरू नका. इथे एक फरक ध्यानात ठेवा. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर वेगळा. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि तिथल्या द्रवातली साखर मोजते. घड्याळ त्या सेन्सरचा आकडा नुसता दाखवत असेल तर हरकत नाही. तिथे घड्याळ निरोप्या आहे, मोजणारा दुसराच आहे.

मग तो आकडा येतो कुठून?

घड्याळ तुमचं वय, लिंग, उंची आणि वजन विचारतं. एवढ्या माहितीवर एखादा बरा वाटणारा आकडा काढायला सेन्सरचीही गरज नाही. पन्नाशीच्या, जरा पोट सुटलेल्या गृहस्थाचा रक्तदाब "१२८/८२" आहे असं मी त्यांना न पाहता सांगितलं, तरी बऱ्याचदा मी फार चुकणार नाही. बहुतेक माणसं बहुतेक वेळा सरासरीच्या आसपासच असतात. त्यात नाडीच्या वेगानुसार चार-पाच अंकांचा चढ-उतार मिसळला की आकडा जिवंत वाटू लागतो. जिना चढून आलात, नाडी वाढली, आकडा वाढला. "बघा, बरोबर दाखवतंय!"

गंमत अशी की हा अंदाज निरोगी माणसाच्या बाबतीत जवळपास बरोबर निघतो आणि आजारी माणसाच्या बाबतीत चुकतो. म्हणजे ज्याला मोजायची गरज नाही त्याला दिलासा, आणि ज्याला गरज आहे त्यालाही दिलासाच. ज्या मापात आजारी माणूसही निरोगी दिसतो, त्याला माप म्हणायचं कशासाठी?

घरच्या घरी एक प्रयोग करा. घड्याळ गुंडाळलेल्या टॉवेलला बांधा आणि मोजायला लावा. नाडीचा आकडा दिसला तर लगेच संतापू नका. सेन्सर प्रकाशातले चढ-उतार शोधतो, आणि चांगली घड्याळंही निर्जीव वस्तूवर कधीकधी फसतात. पण टॉवेलचा रक्तदाब किंवा टॉवेलची साखर दिसली, तर समजा की हा आकडा तुमच्या रक्तातून येत नव्हता. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

प्रामाणिक यंत्र कमी बोलतं

मी स्मार्टवॉचचा शत्रू नाही, हे सांगायला चांगलं उदाहरण आहे. ॲपलने २०१८ मध्ये ईसीजी काढणारं घड्याळ आणलं. हृदयाच्या अनियमित ठोक्यांची सूचना किती विश्वासार्ह आहे, हे पाहण्यासाठी चार लाखांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ०.५२ टक्के लोकांना सूचना आली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीचा पॅच लावून तो परत पाठवला, त्यांतल्या ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हा ठोक्यांचा दोष येत-जात असतो, त्यामुळे उरलेल्यांची सूचना खोटीच होती असं म्हणता येत नाही. पण मुद्दा तो नाही. कंपनीने दावा केला, तो तपासला गेला, आकडे सगळ्यांसमोर आले. आता डॉक्टर त्यावर विचार करू शकतो. या दोषामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. तेव्हा अशी सूचना घेऊन कोणी आलं, तर आम्ही तिची दखल घेतो.

रक्तदाबाचं पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कंपनीच्या घड्याळातल्या उच्च रक्तदाबाच्या सूचनेला एफडीएची परवानगी मिळाली. ते घड्याळ रक्तदाबाचा आकडा दाखवतच नाही. तीस दिवसांच्या नोंदी पाहून ते एवढंच म्हणतं, की तुम्हाला उच्च रक्तदाब असण्याची शक्यता दिसते, दंडावर पट्टा बांधून मोजून घ्या. आणि कंपनीच्याच चाचणीनुसार, उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के लोकांनाच ते ओळखू शकलं. निम्म्याहून अधिक निसटले. म्हणजे सूचना आली नाही, याचा अर्थ रक्तदाब नाही असा नव्हे.

सॅमसंगच्या घड्याळात रक्तदाबाचा आकडा येतो, पण दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी तो जुळवून घ्यावा लागतो. ओमरॉन आणि हुवावे यांनी तर सरळ घड्याळाच्या पट्ट्यातच हवा भरणारा छोटा कफ बसवला, कारण दाब मोजायचा तर दाबावं लागतं. आता तुलना करा. पन्नास हजारांच्या आसपास किंमत असलेलं यंत्र म्हणतं, "मला नक्की आकडा सांगता येत नाही, शंका वाटते, तपासून घ्या." दीड हजाराचं यंत्र पंधरा सेकंदांत म्हणतं, "१२०/८०." स्वस्त आहे म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. जे माहीत नाही ते ठामपणे सांगतं, म्हणून ठेवतो.

"वेलनेस" नावाची पळवाट

या बेधडकपणाला कायदा आडवा येत नाही का? येतो, पण त्याला बगल देता येते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी किंवा आजारावर लक्ष ठेवण्यासाठीची सगळी उपकरणं, सॉफ्टवेअरसुद्धा, कायद्याने औषधांच्या व्याख्येत आली. घरगुती बीपीचं यंत्र आणि ग्लुकोमीटर यांवर १ जानेवारी २०२१ पासून औषध नियंत्रकांची देखरेख आहे. ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे: ९५ टक्के मापं खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत हवीत, आणि साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. बीपीच्या यंत्रासाठी माणसांवर चाचणी करून चूक ठरावीक मर्यादेत असल्याचं दाखवावं लागतं.

घड्याळवाले म्हणतात, आमचं वैद्यकीय उपकरण नाहीच. ते "वेलनेस"साठी आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला लाल थेंबाचं चित्र आणि "शुगर मॉनिटर". मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत: निदानासाठी किंवा उपचारासाठी वापरू नये. मग ज्याला साखरेचा आजार आहे त्याने तो आकडा कशासाठी वापरायचा? ओवाळणीत टाकण्यासाठी?

माझं म्हणणं सोपं आहे. पडद्यावर मिलिग्रॅम किंवा मिलिमीटर पारा या एककात आकडा दाखवला, की ते वैद्यकीय उपकरण झालं. नाव काहीही द्या. बरणीवर "सजावटीची पावडर" असं लिहून पॅरासिटामॉल विकता येत नाही.

आणि तळटीपेचा आधारही तितका भक्कम नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत म्हटलं आहे की खुलासा मूळ दाव्याला छेद देणारा नसावा, आणि तो दाव्याच्याच भाषेत व त्याच आकाराच्या अक्षरांत असावा. पुढे "साखर मोजते" आणि मागे "मोजत नाही", याला छेद म्हणायचं नाही तर काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाराही त्यातून सुटत नाही. नियम आहेत. ते वापरणारं कोणी हवं.

रिव्ह्यू करणाऱ्यांनो, जरा इकडे

तुम्ही फोनच्या कॅमेऱ्याने रात्री-दिवसा चाळीस फोटो काढून दाखवता. बॅटरी स्टॉपवॉच लावून तपासता. फोन गरम किती होतो ते थर्मामीटरने मोजता. मग साखरेच्या दाव्याची वेळ आली की खोक्यावरचं वाक्य तसंच का वाचून दाखवता? ग्लुकोमीटर हजाराच्या आत मिळतो. घड्याळ लावा, बोट टोचा, आकडे शेजारी लिहा. मग श्रीखंड-पुरी जेवा आणि तासाने पुन्हा दोन्ही मोजा. पाच मिनिटांचा व्हिडिओ होईल, आणि तो बघून एखाद्याचा जीव वाचू शकेल. तपासायचं नसेल तर निदान "आम्ही हे तपासलेलं नाही" एवढं तरी म्हणा. आणि घड्याळ कंपनीने फुकट पाठवलं असेल, तर तेही सांगा. ते सांगणं नियमाने बंधनकारक आहे.

नेहमीची उत्तरं

"डॉक्टर, आकडा अचूक नसेल, पण ट्रेंड तर कळतो." वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर ट्रेंड कळतो, खरं आहे. कारण तो काटा निदान तुमचं वजन घेत असतो. जे यंत्र साखर मोजतच नाही, त्याचा ट्रेंड साखरेचा नसतो.

"काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं." इथे उलट आहे. काहीच नसेल तर माणूस शंका आली की तपासून घेतो. खोटा आकडा ती शंकाच मारून टाकतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. समजा यांतल्या एका आजीबाई इन्सुलिन घेतात. दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीव घाबरा झाला. साखर ५५ वर आली आहे. नातवाने हौसेने दिलेलं घड्याळ म्हणतं ११२. "साखर तर ठीक आहे, ॲसिडिटी असेल," म्हणून त्या पडून राहतात. पुढचं सांगायला नको. रक्तदाबाचं त्याहून वाईट, कारण तिथे घामही फुटत नाही. घड्याळात रोज १२२/८० दिसतं म्हणून गोळी बंद केलेल्या माणसाला पहिलं लक्षण पक्षाघाताचंच असू शकतं.

"तुम्हा डॉक्टरांना तंत्रज्ञानाची भीती वाटते, धंदा बुडेल म्हणून." घरी ग्लुकोमीटर घ्या, बीपीचं यंत्र घ्या, नोंदी वहीत लिहून आणा, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. घरचं माप कित्येकदा दवाखान्यातल्या मापापेक्षा उपयोगी असतं. आमचा आक्षेप घरी मोजण्याला नाही, न मोजता मोजल्याचं नाटक करण्याला आहे.

या दिवाळीत काय कराल?

१. बातमीत किंवा दुकानात "साखर मोजते" असं दिसलं, तर एकच विचारा: टोचल्याशिवाय? उत्तर "हो" आलं की पुढे जा.

२. दीड-दोन हजारच खर्च करायचे असतील आणि घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र घ्या. मापाआधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतराने दोन मापं घ्या आणि दोन्ही लिहून ठेवा.

३. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणं दिसली तर घड्याळाकडे बघूच नका. ग्लुकोमीटरने मोजा. साखर ७० च्या खाली असेल, किंवा ग्लुकोमीटर हाताशी नसेल, तर रुग्ण शुद्धीवर आहे याची खात्री करून तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

४. घड्याळाच्या आकड्यावरून इन्सुलिनचं प्रमाण किंवा कुठलीही गोळी बदलू नका, बंद करू नका.

५. घड्याळ आधीच घरात असेल तर फेकायचं कारण नाही. पावलं मोजा, नाडी बघा, चालायला जा. साखरेचा आणि बीपीचा भाग ॲपमध्ये बंद करून टाका, विशेषतः आई-वडिलांच्या हातावर असेल तर.

६. खोक्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. फोन फुकट आहे. अशा चार-दोनशे तक्रारी गेल्या, की मुंगीची अक्षरं आपोआप मोठी होतील.

शेवटची विनंती त्या मुला-नातवंडांना, जी परगावाहून प्रेमाने घरी घड्याळ पाठवतात. भेट देताना सोबत एक वाक्य सांगा: "यातली पावलं खरी, साखर खोटी." मनगटावर जे दिसतं त्यावर म्हातारी माणसं विश्वास ठेवतात, कारण ते तुम्ही पाठवलेलं असतं.